रिकामी फेरी आणि कार्बनचा हिशेब

प्रश्न : मालट्रकच्या उत्सर्जनात परतीची रिकामी फेरी किती भर घालते?

उत्तर : एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे वजन डिझेलहून अधिक भरते, कारण इंधनातील कार्बनशी हवेतील प्राणवायू जोडला जातो. वाहतुकीची कार्यक्षमता टन-किलोमीटरमागे, म्हणजे एक टन माल एक किलोमीटर नेण्यामागे, मोजली जाते. 20 टन माल भरलेला ट्रक लिटरमागे 4 किलोमीटर चालतो असे धरल्यास टन-किलोमीटरमागे उत्सर्जन सुमारे 34 ग्रॅम येते. तोच ट्रक लिटरमागे 6 किलोमीटर या दराने रिकामा परतल्यास ते 56 ग्रॅमवर जाते. म्हणून टायरमधील हवा, वेग आणि इंजिनाची निगा यांइतकेच परतीचे भाडे मिळवणेही उत्सर्जन घटवण्यास आवश्यक ठरते.