रस्त्यातले बेट

बेट कशाला म्हणतात, हे आपल्या नगर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. कोपरगावला गोदावरीकाठी एका भागाचे नावच बेट आहे. तिथे शुक्राचार्यांचे देऊळ आहे. चहूकडे पाणी आणि मधे कोरडी जमीन, ते बेट. पुरात सापडलेला माणूस अशी उंच जागा शोधतो. तिथे उभा राहतो. पाणी बाजूने जाते, माणूस वाचतो.

रस्त्यातही असेच बेट असते. फरक एवढाच, की त्याच्या भोवती पाणी वाहत नाही. मोटारी वाहतात.

आपल्या नागापूरचाच रस्ता घ्या. नगरहून मनमाडला जाणारा हा रस्ता. वाटेत सीना नदी आहे, एमआयडीसी आहे, विळदचा घाट आहे. पुढे राहुरी, शिर्डी, कोपरगाव. शिर्डीला जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या याच रस्त्याने जातात. कारखान्यांचे ट्रक जातात. पाळी सुटली की कामगारांच्या मोटारसायकली निघतात. निंबळक, वडगाव गुप्ता, नवनागापूर इथली माणसे ये-जा करतात. उसाचा हंगाम लागला, की एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या डुलत येतात. सीनेला पूर येतो तो पावसाळ्यात, तोही एखाद्या वेळी. या रस्त्याला बाराही महिने पूर. शिवाय नदी एकाच दिशेने वाहते, रस्ता दोन्ही दिशांनी वाहतो!

या पुरात माणसे किती जातात? २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. आकडा मोठा आहे. सावकाश वाचा. एक लाख अडुसष्ट हजार चारशे एक्क्याण्णव. त्यांत ३२,८२५ जण पायी चालणारे होते. म्हणजे पाचांमागे जवळजवळ एक. त्यांच्यापाशी ना मोटार होती, ना चाक. एकट्या महाराष्ट्रात त्या साली १५,२२४ माणसे दगावली.

आता एक सासू आणि तिची सून काय बोलतात ते ऐका. सून एमआयडीसीत कामाला जाते. सासूला दवाखान्यात जायचे आहे. दवाखाना रस्त्याच्या पलीकडे.

"आगं, येवढं काय त्यात? म्या हात वर करते. गाडीवाला थांबतो आपसूक."

"थांबतो आत्याबाई, पण त्याला थांबायला जागा नको का? आपली बैलगाडी सुद्धा कासरा ओढल्यावर जागच्या जागी उभी राहत न्हाई."

सुनेचे बोलणे खरे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका मिनिटात एक किलोमीटर जाते. म्हणजे एका सेकंदात सुमारे १७ मीटर. सेकंद किती असतो? मनात सावकाश "विठ्ठल विठ्ठल" म्हणावे, तेवढाच. चालवणाऱ्याने माणूस पाहिला, तरी त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे आलेली असते. मग ब्रेक लागतो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर सुद्धा गाडी उभी राहायला सगळे मिळून ४० मीटरच्या आसपास जागा लागते. रस्ता ओला असेल, ट्रक भरलेला असेल, तर त्याहून पुष्कळ जास्त. आत्याबाईंनी हात वर केला म्हणून लोखंडाचे वजन कमी होत नाही.

आता चालणाऱ्याचा हिशेब करू. मोठ्या रस्त्याची एक बाजू, दोन गाड्या शेजारी-शेजारी जाण्याजोगी, सुमारे ७ मीटर रुंद असते. धडधाकट माणसाला ती ओलांडायला ६ सेकंद लागतात. ६ सेकंदांत ती मोटार १०० मीटर येते. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते. तशी आठ मैदाने एकापुढे एक मांडा, म्हणजे १०० मीटरची कल्पना येईल. गाडी त्याच्या आत असेल, तर पाऊल टाकू नये. आत्याबाईंचा गुडघा दुखतो. त्यांना ६ नव्हे, ८ सेकंद लागतील. त्यांच्यासाठी दहा मैदानांची जागा मोकळी हवी.

आणि मधे बेट नसेल तर? तर दोन्ही बाजू एका दमात ओलांडायच्या. चांगल्या माणसाला १२ सेकंद, आत्याबाईंना १६. तेवढा वेळ उजवीकडचाही रस्ता मोकळा हवा आणि डावीकडचाही. दोन्हीकडे एकाच वेळी एवढी मोकळीक वाहत्या रस्त्यावर मिळणार कधी? मग माणूस कंटाळतो. अर्धा रस्ता जातो आणि मधेच अडकतो. पुढून ट्रक, मागून मोटारसायकल. घाबरून एक पाऊल मागे घेतो. पुष्कळदा घात होतो तो त्या एका पावलाने.

बेटामुळे एका मोठ्या कामाची दोन लहान कामे होतात. आधी एक बाजू, मग थांबा, दम घ्या, मग दुसरी बाजू. एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या पाहायच्या. बेटाचे सारे मर्म एवढेच आहे.

ही युक्ती जुनी आहे. तेव्हा मोटारी नव्हत्या, घोड्याच्या गाड्या होत्या. विलायतेत लिव्हरपूल नावाचे शहर आहे. तिथे १८६२ साली रस्त्याच्या मधोमध असे पहिले बेट झाले. ते व्हावे म्हणून मागणी करणारा माणूस कुणी मोठा अधिकारी नव्हता. तो घोड्यांची खोगिरे करणारा कारागीर होता. जॉन हेस्टिंग्ज त्याचे नाव. दोन वर्षांनी, १८६४ साली, लंडनच्या एका रस्त्यात कर्नल पियरपॉइंट नावाच्या गृहस्थाने स्वतःच्या खर्चाने बेट बांधून घेतले. असे सांगतात, की आपले बेट कसे छान दिसते हे पाहायला तो रस्त्यात उतरला, मागे वळून पाहत राहिला आणि तेवढ्यात एका घोडागाडीने त्याला उडवले. गोष्ट खरी-खोटी काही असो. बेटावरून खाली उतरल्यावर रेंगाळू नये, हे तिच्यातून आपसूक कळते.

बेट ओलांडावे कसे, ते आता पाहू. आपल्या देशात गाड्या डाव्या बाजूने चालतात. म्हणून रस्त्याच्या कडेला उभे राहिल्यावर जवळच्या बाजूची गाडी आपल्या उजवीकडून येते. आधी उजवीकडे पाहावे. मोकळीक मिळाली की सरळ चालावे, पळू नये, तिरके जाऊ नये. बेटावर चढून थांबावे. आता पलीकडच्या गाड्या डावीकडून येतात. आता डावीकडे पाहावे. आणि दोन्ही वेळा एक नजर उलट्या बाजूलाही टाकावी. कारण उलट दिशेने मोटारसायकल दामटणारे शहाणे कमी नाहीत.

मूल बरोबर असेल तर त्याचे बोट धरू नका, मनगट धरा. बोट सुटते. पहिल्या अर्ध्या रस्त्यात मूल आपल्या डाव्या हाताला ठेवावे, बेटावर आल्यावर उजव्या हाताला घ्यावे. म्हणजे येणारी गाडी आणि मूल यांच्या मधे आपण असतो. डोक्यावर भारा असेल तर मान वळत नाही, म्हणून सगळे अंग वळवून पाहावे. मोबाइलवरचे बोलणे बेटाच्या अलीकडेच संपवावे.

बेट म्हणजे बसायचा ओटा नव्हे. काही लोक तिथे शेळी बांधतात, काही गप्पा मारत बसतात, कुणी शेंगांची टोपली मांडतो. तिथे माणूस थांबतो तो जाण्यासाठी, राहण्यासाठी नव्हे.

आता गाडी चालवणाऱ्यांकडे वळू. दादा, तुमच्यासाठीही बेटाचे कायदे आहेत.

रस्त्याच्या मधे दुभाजक असो की बेट, ते आपल्या उजव्या हाताला ठेवून जावे. निळ्या गोल पाटीवर पांढरा बाण डावीकडे खाली दाखवलेला असतो. त्याचा अर्थ तोच. चौकात मोठे गोल बेट असेल तर देवळातली प्रदक्षिणा आठवा. देव उजव्या हाताला ठेवूनच आपण फिरतो. तसेच इथे फिरायचे. जवळ आहे म्हणून उलटी प्रदक्षिणा घालायची नाही. आणि जो आधीच फेऱ्यात आहे, त्याला आधी जाऊ द्यायचे. २०१७ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांत तसे सांगितले आहे. नुसते डावीकडे वळण्यासाठी कोपऱ्यावर तिकोनी बेट असते, त्याची गोष्ट वेगळी. सरळ जाणाऱ्याच्या ते डाव्या हाताला राहते.

पांढऱ्या पट्ट्यांपाशी सिग्नल नसला, तरी माणूस ओलांडत असेल तर वेग कमी करून थांबावे. त्याचा हक्क पहिला. पट्ट्यांवर गाडी उभी करू नये. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पट्ट्यांपाशी आपल्या पुढची एसटी किंवा ट्रक थांबलेला दिसला, तर बाजूने पुढे काढू नका. तो उगीच थांबलेला नसतो. त्याच्या आडून एखादी आत्याबाई निघालेली असते. ती तुम्हांला दिसत नाही, तुम्ही तिला दिसत नाही.

उलट दिशेने जाण्याचे कारण विचारले तर सगळे एकच सांगतात, "फाटा लांब आहे, तेल जळतं." अर्धा किलोमीटर उलटे जाऊन किती तेल वाचते, त्याचा हिशेब करून पाहावा. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यात २०१९ साली बदल झाले. रहदारीच्या उलट धोकादायक रीतीने गाडी हाकणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

रात्री बेटाचाच धोका होतो, हेही सांगितले पाहिजे. कडेचे काळे-पिवळे पट्टे पुसलेले, चकाकणारे तुकडे निघालेले, वर दिवा नाही. अशा बेटावर मोटारसायकल आदळते. म्हणून दुभाजक सुरू होतो तिथे रात्री वेग आवरावा. टायरगाडीवाल्यांनी आणि ट्रॅक्टरवाल्यांनी मागे लाल चकाकणारी पट्टी लावावी. उसाची वाढी बाहेर लोंबत असेल तर पट्टी झाकली तर जात नाही ना, ते उतरून पाहावे. दिंडी रात्री चालत असेल तर पुढे आणि मागे उजेड धरलेला असावा.

चूक नेहमी चालणाऱ्याची किंवा चालवणाऱ्याचीच असते असे नाही. बेट कुठे हवे? माणसे जिथे खरोखर ओलांडतात तिथे. एसटीचा थांबा इथे आणि दुभाजकातली वाट दूर तिकडे, असे असेल तर लोक दुभाजकावर चढूनच जाणार. त्यांना नुसते रागावून उपयोग नाही. दुभाजकात कण्हेर लावतात. ती दिसते सुरेख. पण वाटेच्या तोंडाशी कण्हेर माणसाएवढी वाढली, की तिच्या आड उभे असलेले पोर दिसत नाही. फ्लेक्सच्या पाट्यांचेही तसेच. तिथली झाडे छाटायला हवीत, पाट्या काढायला हव्यात.

हे सांगायचे कुणाला? राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ या नंबरावर फोन करता येतो. दुसरा रस्ता असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याकडे किंवा महानगरपालिकेकडे अर्ज करावा. तुम्हांला आता लिहिता येते. जागा नीट लिहा, तारीख घाला, दहा जणांच्या सह्या घ्या, अंगठे नकोत. अर्जाची एक प्रत पोचेचा शिक्का घेऊन घरी ठेवा. २०१९ च्या बदलांत असेही कलम आले आहे, की रस्ता ठरलेल्या मापाप्रमाणे न केल्यामुळे कुणी मेले वा अपंग झाले, तर ठेकेदाराला किंवा खात्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून ती पोच जपून ठेवायची.

एवढे करूनही अपघात झालाच तर? पुष्कळ लोक जवळ जात नाहीत. "पोलिसांचं झेंगट मागं लागंल," म्हणतात. ही भीती आता धरायचे कारण नाही. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. त्याच्यावर खटला होत नाही. आपले नाव सांगायचे की नाही, हे त्याने ठरवायचे.

१०८ नंबर फिरवला की रुग्णवाहिका येते. पैसे पडत नाहीत. फोनवर जागा नीट सांगा. नुसते "नागापूरला" म्हणू नका. पुलाच्या अलीकडे की पलीकडे, कोणत्या दुकानासमोर, ते सांगा. आणि जखमी माणूस नगरकडे जाणाऱ्या बाजूला पडला आहे की राहुरीकडे जाणाऱ्या, हे आधी सांगा. मधे दुभाजक असतो. गाडी चुकीच्या बाजूने आली, तर तिला पुढच्या फाट्यावरून वळून यावे लागते.