घर हलवलं, पाटी ठेवली

आमचं चिमूर चंद्रपूर जिल्ह्यात. पण लोकसभेला आम्ही मत देतो ते गडचिरोली-चिमूर मतदारसंघात. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, आणि 2009 च्या निवडणुकीपासून हा जोडनावाचा मतदारसंघ आला. तेव्हापासून नागपूरच्या माणसाला हमखास वाटतं की आम्ही गडचिरोलीचे. कागदावर एक पत्ता, लोकांच्या तोंडी दुसरा, हे आम्हाला नवं नाही. तरी डेटाबेसात हाच प्रकार समोर आला तेव्हा मी गडबडलोच.

मी एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. अकरा वर्षांत एकाच मायएसक्यूएल डेटाबेसात सगळं कोंबलं गेलं होतं: खातेदार, ठेवी, कर्ज, पिग्मीची रोजची वसुली, एसएमएसच्या नोंदी, सह्यांचे स्कॅन. रात्री सुरू केलेला बॅकअप सकाळी काउंटर उघडलं तरी चालूच असायचा. शेवटी ठरलं, पिग्मी, एसएमएस आणि सह्या वेगळ्या डेटाबेसात न्यायच्या. अट एकच: काउंटर बंद ठेवायचं नाही. या कामात वर्ष गेलं. त्यात कळलं ते हे.

1. टेबल हलवण्याआधी त्याच्याकडे कोण कोण येतं ते बघा. मला वाटलं होतं तीनच गिऱ्हाइकं: काउंटरचा प्रोग्राम, एजंटांचं मोबाइल ॲप, रिपोर्ट. पण सगळे एकाच युजरने आणि एकाच पासवर्डने आत शिरत असल्यामुळे कोण काय विचारतंय ते दिसत नव्हतं. (तो पासवर्ड मीच ठेवलेला. काय होता ते सांगत नाही.) आधी प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं, जुनं लॉगिन चालू ठेवलं आणि त्यावर अजून कोण येतं ते नोंदवत बसलो. महिना संपता संपता एक पाहुणा सापडला. निवृत्तीला आलेल्या लेखापाल काकांची एक एक्सेलची फाइल होती. ती थेट डेटाबेसाला जोडलेली, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशीच उघडायची. संचालकांच्या बैठकीतला तक्ता त्यातून निघायचा. मी आठवडाभरच बघितलं असतं तर त्या महिन्याची बैठक कोरीच झाली असती. म्हणून महिनाअखेर, तिमाही आणि 31 मार्च हे तिन्ही नोंदीत येऊ द्या.

2. सीमा आखताना घराच्या मधून भिंत घालू नका. पिग्मीचा भरणा झाला की दोन ठिकाणी लिहिलं जातं: वसुलीच्या टेबलात पावती आणि खात्यात शिल्लक. दोन्ही एकाच व्यवहारात होतात. एक फसलं तर दुसरंही मागे फिरतं. दोन टेबलं दोन मशीनवर गेली की ही हमी गेली. पावती आहे पण शिल्लक वाढली नाही, असं होऊ शकतं, आणि पिग्मीवाल्या बाईला तुम्ही सर्व्हरचं कारण सांगू शकत नाही. एकाच मशीनवर दोन डेटाबेस असले तर मायएसक्यूएलमध्ये व्यवहार अखंड राहतो. म्हणून पिग्मी वेगळ्या डेटाबेसात, पण त्याच मशीनवर. एसएमएस आणि सह्या कुणात गुंतलेल्या नव्हत्या, त्यांना दुसऱ्या मशीनवर जायला मोकळीक.

गिटहबने 2021 मध्ये आपल्या डेटाबेसाची अशीच वाटणी कशी केली ते जाहीरपणे मांडलं. एकही टेबल हलवण्याआधी त्यांनी कागदोपत्री हद्दी ठरवल्या आणि कोडमधली कुठली क्वेरी हद्द ओलांडते ते पकडणारी तपासणी बसवली. नंतर 130 वर्दळीची टेबलं एकदम हलवली. आपल्याकडे तेवढी माणसं नाहीत, पण हद्द आधी आणि सामान नंतर, हा क्रम पाच शाखांच्या संस्थेलाही तितकाच लागू.

3. जुन्या जागी पाटी ठेवा. मायएसक्यूएलमध्ये एकाच सर्व्हरवर टेबल एका डेटाबेसातून दुसऱ्यात न्यायला माहिती कॉपी करावी लागत नाही. ‘रिनेम टेबल’ एवढी आज्ञा पुरते, लाखो ओळी असल्या तरी क्षणात. मग जुन्या नावाचा एक व्ह्यू करायचा. त्याच्यात स्वतःचं काही नसतं. विचारणाऱ्याला तो नव्या घरी नेतो. साधा, एका टेबलाचा व्ह्यू असला तर त्यातून लिहिताही येतं. जुन्या प्रोग्रामला काही पत्ता लागत नाही. दोन गोष्टी मात्र आडव्या येतात. टेबलावर ट्रिगर असेल तर ते दुसऱ्या डेटाबेसात जातच नाही, ट्रिगर आधी काढून मग परत लावावा लागतो. आणि टेबलावर नावानिशी दिलेल्या परवानग्या सोबत जात नाहीत, त्या नव्याने द्याव्या लागतात.

4. ‘क्षणात’ या शब्दावर माझा विश्वास होता, तो एका दुपारी उडाला. चारच्या सुमाराला मी रिनेमची आज्ञा दिली. त्याच वेळी व्यवस्थापक साहेबांनी तिमाही रिपोर्ट लावला होता. रिपोर्ट टेबल वाचत असेपर्यंत रिनेमला थांबावं लागतं. आणि रिनेम थांबलं की त्याच्या मागे येणारा प्रत्येक जण थांबतो, मग तो एक ओळ वाचायला आलेला का असेना. अरुंद पुलावर ट्रक अडला की मागे सायकलवालाही अडतो, तसं. एजंट नेमके त्याच वेळी दिवसाची वसुली ॲपवरून चढवत होते. चाक फिरत राहिलं, उत्तर येईना. त्यांनी परत बटण दाबलं. कुणी तिसऱ्यांदा. सहा मिनिटांनी मी रिनेम मारलं तेव्हा अडलेलं सगळं एकदम आत घुसलं आणि 17 पावत्या दुबार पडल्या.

संध्याकाळी रोकड जुळेना. नोंदी जास्त, पैसे कमी. कॅशियर ताई नोटा तिसऱ्यांदा मोजत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. रात्री नऊला पावती-पावती लावून दुबार नोंदी काढल्या.

त्या रात्री दोन दुरुस्त्या केल्या. मशीन नंबर आणि पावती नंबर मिळून एकदाच येईल असं बंधन टेबलावर घातलं. ते पहिल्या दिवसापासूनच असायला हवं होतं. आणि कुलपासाठी किती थांबायचं ती मर्यादा तपासली. मायएसक्यूएलमध्ये ‘लॉक वेट टाइमआउट’ मुळात 3,15,36,000 सेकंद असतो. हिशेब करा, बरोबर एक वर्ष! ती मी पाच सेकंदांवर आणली. पाच सेकंदांत जागा मिळाली नाही तर आज्ञा मुकाट परत येते, मागचे मोकळे होतात, आपण नंतर पुन्हा बघतो. पुढच्या वेळी तिसऱ्या प्रयत्नात काम झालं आणि कुणाला कळलंही नाही.

5. तारीख गावाचं कॅलेंडर बघून ठरवा. मी एकदा 16 ऑगस्ट धरला होता, जोडून सुटी म्हणून. 1942 च्या क्रांतीची आठवण चिमुरात त्याच दिवशी जागवली जाते, गावात पाय ठेवायला जागा नसते. शाखेत पोचायलाच दुपार झाली. माघातली बालाजीची घोडायात्राही तशीच.

6. बॅकअप. हे लिहायला लाज वाटते. रात्रीची स्क्रिप्ट जुन्या डेटाबेसाचं नाव घेऊन बॅकअप काढायची. टेबलं नव्या घरी गेली, स्क्रिप्ट जुन्याच दारात उभी. व्ह्यूची व्याख्या तेवढी इमानदारीने जपत होती, आतल्या ओळी नाहीत. बॅकअप लवकर संपतो म्हणून मी खूश होतो. नऊ रात्री पिग्मीचा एकही बॅकअप नव्हता. दहाव्या दिवशी फाइलचा आकार बघून पोटात गोळा आला.

7. ओळी मोजून समाधान मानू नका, वाचा. एसएमएस दुसऱ्या मशीनवर नेताना रंगीत तालीम केली. दोन्हीकडे संख्या जुळली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. सहज एक ओळ उघडली तर ‘वऱ्हाडे’ यांच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली परदेशी अक्षरं. जुनं टेबल लॅटिन-1 म्हणून जाहीर केलेलं होतं, आत देवनागरी होती, आणि जुना प्रोग्राम दोन्हीकडून तीच चूक करत असल्याने अकरा वर्षं सगळं नीट दिसत होतं. नव्या मशीनने नियमाने वागायचं ठरवलं आणि बिंग फुटलं.

8. दुसऱ्या मशीनवर साध्या व्ह्यूची पाटी चालत नाही. तिथे जाण्याआधीच ॲपमध्ये दोन जोडण्या ठेवा, दोन्ही तूर्तास एकाच मशीनकडे वळवून. मग नवं मशीन जुन्याची प्रतिकृती म्हणून चालवा, ते बरोबरीला आलं की लिहिणं थांबवून दुसरी जोडणी फिरवा. गिटहबचं हे काम सेकंदाच्या छोट्याशा अंशात झालं. आमची चार मिनिटं गेली, कारण एका शाखेत सेटिंगची फाइल जुनीच होती.

9. पाटी कधी काढायची? वर्षभराने पिग्मीचा जुना व्ह्यू काढायला घेतला. काकांची एक्सेल नव्या पत्त्यावर गेली होती, त्या व्ह्यूवर येणाऱ्यांची नोंदवही बारा महिने कोरी होती, एक ओळ सोडून: 1 एप्रिल, सकाळी 10.40, भिसी शाखेच्या काउंटरवरून. फोन केला.

“काही नाही जी भाऊ, आम्ही तर हातच लावला नाही.”

तिथे जाऊन बघितलं, कॉम्प्युटरमध्ये काही सापडलं नाही. या वर्षी 1 एप्रिलला पुन्हा तीच ओळ आली, आठ मिनिटं उशिरा. चंद्रपुरातल्या एका स्टेशनवर अजून जुन्या नावाचं ‘चांदा फोर्ट’च लिहिलेलं आहे आणि गाड्या तिथे बिनबोभाट थांबतात. व्ह्यू मी काढलेला नाही. पुढच्या 1 एप्रिलला सकाळी दहा वाजताच भिसीत जाऊन बसणार आहे.