मोटारगाडीतील शीतयंत्र : जुळणी व समायोजन

स्पिरिटचा एक थेंब हातावर टाकला असता तो पाहता पाहता उडून जातो आणि तेवढी जागा गार पडते. द्रवाची वाफ होण्यास उष्णता लागते व ती उष्णता तो कातडीपासून घेतो. मोटारगाडीतील शीतयंत्राचे सारे कार्य याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच की, तेथे झालेली वाफ वाया न जाता बंद नळ्यांतून फिरून पुन्हा द्रवरूप होते. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ साली असे यंत्र बसविलेली गाडी प्रदर्शनात मांडली, तेव्हा ती केवळ श्रीमंतांची चैन होती. आज भारतातील लहान गाड्यांतही हे यंत्र असते.

यंत्राचे मुख्य भाग चार आहेत. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वाफेस दाबतो. रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये ती तप्त वाफ बाहेरच्या हवेस उष्णता देऊन द्रव होते. प्रसरण झडपेच्या चिंचोळ्या छिद्रातून जाताना त्या द्रवाचा दाब एकाएकी उतरतो. शेवटी डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये तो गाडीतील हवेची उष्णता शोषून पुन्हा वाफ होतो. फिरणाऱ्या या पदार्थास शीतक म्हणतात. कारागीर त्यास नुसते ‘गॅस’ म्हणतात.

जुळणी : खरा शत्रू ओलावा

लहानशा धडकेत कंडेन्सर फुटला व तो बदलून यंत्र घरी जोडावयाचे आहे, असे समजू. नळ्यांत शीतक शिल्लक असेल, तर कोणताही सांधा सोडण्यापूर्वी तो कार्यशाळेतील यंत्राने काढून घेतला पाहिजे. पुढील कामात बोल्ट आवळणे हा सोपा भाग होय. अवघड भाग आहे तो ओलावा बाहेर ठेवण्याचा. कॉम्प्रेसरमधील कृत्रिम तेल हवेतील पाणी झपाट्याने ओढून घेते. आत राहिलेले पाणी प्रसरण झडपेशी गोठून वाट अडविते आणि कालांतराने धातूस गंज चढवते. यास्तव प्रत्येक नळीचे तोंड जोडणीच्या क्षणापर्यंत बुचाने बंद ठेवावे. ओलावा शोषणारी ड्रायरची बाटली नवी घ्यावी व ती सर्वांत शेवटी बसवावी.

सांध्यांतील जुन्या रबरी कड्या पुन्हा वापरू नयेत. नव्या कड्यांस तेलाचा हात फिरवावा. अ‍ॅल्युमिनियमची नळी पिळवटू नये म्हणून सांधा दोन पान्यांनी आवळावा : एकाने धरावे, दुसऱ्याने फिरवावे. काढलेल्या भागाबरोबर थोडे तेलही जाते. ते निर्मात्याच्या पुस्तकात दिले असेल तेवढेच व त्याच जातीचे पुन्हा घालावे.

निर्वात का करावयाचे?

जोडलेल्या नळ्यांत आता हवा व तिच्यातील बाष्प भरलेले असते. पंपाने ती हवा काढताना एक उपयुक्त गोष्ट घडते. समुद्रसपाटीच्या दाबास पाणी १०० अंशांस उकळते. परंतु दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरपर्यंत उतरला की, तेच पाणी ३० अंशांसच उकळू लागते. अर्थात नळ्या न तापविताही आतील ओलावा वाफ होऊन निघून जातो. म्हणून पंप किमान अर्धा तास चालवावा. नंतर झडपा बंद करून सूक्ष्म दाबमापकाचा काटा पाहावा. दाब एकसारखा चढत राहिला, तर गळती आहे. थोडा चढून स्थिरावला, तर ओलावा शिल्लक आहे. तथापि निर्वाताची कसोटी पुरेशी नसते, कारण यंत्र चालताना आतील दाब याच्या कितीतरी पट असतो. कार्यशाळेत कोरडा नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. त्याऐवजी ऑक्सिजन किंवा दाबलेली हवा कदापि भरू नये. स्फोटाचा धोका असतो.

शीतक वजनानेच भरावा

दाबमापकाचा काटा पाहून शीतकाचे प्रमाण ठरविण्याची चाल आहे, ती चुकीची होय. आर-१३४ए हा शीतक बंद पात्रात द्रव व वाफ अशा दोन्ही रूपांत असेल, तर ३० अंशांस त्याचा दाब वातावरणाच्या साडेसात पटींहून थोडा अधिक असतो. पात्रात द्रव उरला आहे तोवर शीतक २०० ग्रॅम असो वा ४०० ग्रॅम, हा दाब बदलत नाही. दाबावरून दोष ओळखता येतात, प्रमाण नव्हे. म्हणून बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेले वजन काट्यावर मोजून भरावे. इंजिन चालू असताना शीतक कमी दाबाच्या बाजूनेच व वाफेच्या रूपात द्यावा. द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरल्यास तो मोडतो, आणि जास्त दाबाच्या बाजूस डबा जोडल्यास डबाच फुटू शकतो. पंप व काटा जवळ नसतील, तर हे दोन टप्पे कार्यशाळेकडे सोपविणे शहाणपणाचे.

समायोजन व सावधगिरी

पट्ट्याचा ताण, क्लचमधील फट व कंडेन्सरच्या पंख्याचे फिरणे ही निर्मात्याच्या मापांशी ताडून पाहावीत. मग इंजिन थोडे वेगाने चालवून दहा मिनिटांनी मधल्या झरोक्यात उष्णतामापक ठेवावा. जयपूरच्या कोरड्या हवेपेक्षा चेन्नईच्या दमट हवेत आकडा चढा येईल. कारण यंत्राची बरीच शक्ती हवेतील बाष्पाचे पाणी करण्यात खर्च होते. गाडीखाली ठिबकणारे पाणी ते हेच. ती गळती नव्हे.

काम करताना चष्मा व हातमोजे घालावेत. उसळलेला शीतक उणे २६ अंशांस उकळतो व डोळा कायमचा निकामी करू शकतो. ज्वालेशी संबंध आल्यास त्यापासून विषारी वायू होतात. स्वयंपाकाचा गॅस शीतक म्हणून भरणे म्हणजे गाडीत आग पेरणे होय. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत कॉम्प्रेसरला अतिउच्च दाबाची वीज जाते. तेथे घरी हात घालू नये.

वातावरणाचे देणे

पूर्वीचा आर-१२ हा शीतक ओझोनच्या थरास घातक ठरला. मोलिना व रोलंड यांनी १९७४ साली तशी सूचना दिली, १९८५ साली अंटार्क्टिकावरील छिद्राचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि १९८७ च्या माँट्रियल करारान्वये तो शीतक मागे पडला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही; मात्र उष्णता अडविण्यात तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट प्रभावी आहे. त्याचे ४०० ग्रॅम हवेत सोडणे हे साडेपाचशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीने असे वायू कमी करावयाचे ठरले व २०२१ साली भारतानेही तिला मान्यता दिली.

दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो, अशी अनेकांची समजूत आहे. परंतु शीतक हा पेट्रोलसारखा जळून संपणारा पदार्थ नाही. तो दरवर्षी कमी पडत असेल, तर कोठेतरी सांधा सुटला आहे. तो शोधण्याआधी नवा शीतक भरू नये.