कळफलकावरील मूक कळा

कळफलकावरील कांहीं कळा एकट्या दाबल्या असतां एकही अक्षर उमटवीत नाहींत. दुसऱ्या कळेचा अर्थ मात्र त्या पालटतात. काना लागतांच ‘क’चा ‘का’ व्हावा, तसेंच हें आहे. शिफ्ट ही अशी कळ १८७८ सालच्या रेमिंग्टन टंकयंत्रावर आली. १९८६ सालीं प्रमाण ठरलेल्या इनस्क्रिप्ट रचनेंत तिच्याच योगें ‘क’चा ‘ख’ व ‘ग’चा ‘घ’ होतो.

संगणकास लिहून आज्ञा देतांना कंट्रोल व ऑल्ट या तिच्या भगिनी कामास येतात. समजा, बुलढाण्याच्या एखाद्या विद्यार्थ्यानें लांबलचक आज्ञा लिहिली व आरंभींचाच शब्द चुकला. सर्व ओळ पुसण्याचें कारण नाहीं. लिनक्सवरील बॅशमध्यें कंट्रोल धरून ‘ए’ दाबल्यास ओळीचा आरंभ व ‘ई’ दाबल्यास शेवट गांठतां येतो. ‘डब्ल्यू’नें मागील शब्द पुसला जातो, ‘वाय’नें तो परत येतो. ऑल्ट धरून ‘बी’ दाबल्यास एक शब्द मागें व ‘एफ’ दाबल्यास एक शब्द पुढें जातां येतें.

ऑल्ट दाबतांच खिडकीचा मेनू उघडत असेल, तर एस्केप दाबून सोडावी व मग अक्षर दाबावें. मॅकच्या टर्मिनलांत ऑप्शन कळेस हें काम सेटिंग्जमध्यें नेमून द्यावें लागतें. करंगळीजवळील, क्वचितच लागणाऱ्या कॅप्स लॉकला कंट्रोलचें काम देणें पुष्कळांस सोयीचें वाटतें. मराठी रचना चालू असतां त्याच कळेवर निराळें अक्षर असतें. म्हणून आज्ञा लिहिण्यापूर्वीं इंग्रजी रचना निवडावी.

विद्यार्थ्यांनो, शाळेचा संगणक सर्वांचा असतो. त्यावरील कळांचीं कामें शिक्षकांस विचारूनच पालटावीं. नाहींतर आपली सोय ती दुसऱ्याची अडचण व्हावयाची.