सीडी मागतोय!

दापोली तालुक्यातल्या बुरोंडीच्या घरांतली जुनी कपाटं उघडली की गेमच्या सीड्या अजून निघतात. व्हाइस सिटी, प्रोजेक्ट आयजीआय, रोड रॅश, क्रिकेट २००७. गणपतीला नाहीतर शिमग्याला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी आणलेल्या. काही कंपनीच्या छापील, बऱ्याचशा मार्करने नाव लिहिलेल्या. घरात लॅपटॉपही असतो, फक्त त्याला सीडी घालायला जागा नसते. ॲपलने २००८ साली बिनड्राइव्हचा मॅकबुक एअर काढला तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. पुढे जवळपास सगळ्याच कंपन्यांनी तो कित्ता गिरवला.

उपाय दोन. यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह, किंवा व्हर्च्युअल ड्राइव्ह. दुसऱ्यात तबकडी नसतेच. सीडीवरचं सगळं एका फाइलमध्ये उतरवलेलं असतं, तिला इमेज म्हणतात, आणि एक छोटा प्रोग्रॅम विंडोजला पटवतो की लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह आहे आणि ही सीडी त्यात घातलेली आहे. गेमला हे पटलं तर खेळणाऱ्याची चैन असते. सीडीचा मूळ वेग सेकंदाला १५० किलोबाइट. बावन्नपट फिरणारा ड्राइव्हसुद्धा कागदावर पावणेआठ मेगाबाइटांपाशी थांबतो. हार्डडिस्कवरची फाइल त्याच्या कितीतरी पट वेगाने वाचली जाते, आणि ती घरघरही नाही.

कोकणात इमेज करून ठेवायला आणखी एक कारण आहे, हवा. दापोली तालुक्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सीडीतला ॲल्युमिनियमचा पातळ थर वाचवतो तो फक्त वरचा लाखेसारखा लेप. लेबलाच्या बाजूने त्यावर ओरखडा गेला की दमट हवा आत शिरते आणि थर गंजतो. २००१ साली स्पेनच्या शास्त्रज्ञांनी बेलीझमधून आलेल्या एका सीडीवर हा थर खाणारी बुरशीच शोधून काढली होती. जिथे पावसाळ्यात चामड्याच्या चपला आठवडाभरात पांढऱ्या होतात, तिथे सीडीच्या भरवशावर कुणी राहू नये.

इथपर्यंत सगळं छान. प्रस्तुत लेखकाला पुढचं कळलं ते पुतण्याच्या लॅपटॉपमुळे. सुट्टीत गावी आलेला हा मुलगा एक दिवस म्हणाला, "काका, सीडी आत दिसतेय, तरी गेम सीडी मागतोय." त्याने कुठल्यातरी साइटवरून फुकटचा व्हर्च्युअल ड्राइव्ह उतरवला होता आणि नेक्स्ट, नेक्स्ट करत टाकला होता. परिणामी ब्राउझरला नवा टूलबार चिकटला आणि काहीही शोधलं की भलत्याच पानावर जाऊ लागलं. गेम तर चाललाच नाही. मग मित्राच्या सल्ल्याने त्याने पहिल्यावर दुसरा ड्राइव्ह टाकला. त्यानंतर लॅपटॉप सुरू होताना निळा पडदा यायला लागला. दोन्ही प्रोग्रॅम काढले तरी एकाचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत बसणारा त्याचा तुकडा, मागे उरलाच होता. शेवटी विंडोज नव्याने टाकावं लागलं.

असं का व्हावं? डीमन टूल्स, अल्कोहोल १२० टक्के यांसारखे जुने व्हर्च्युअल ड्राइव्ह केवळ फाइल उघडून दाखवत नव्हते. गेम कंपन्या सीडीवर कुलपं घालत: मॅक्रोव्हिजनचं सेफडिस्क, सोनीचं सेक्युरॉम, रशियातलं स्टारफोर्स. सीडी नकली आहे का हे ती तपासत, आणि व्हर्च्युअल ड्राइव्ह दिसला तर गेम चालू देत नसत. मग ड्राइव्हवाले आपला ड्राइव्ह लपवायला लागले. त्यासाठी एसपीटीडीसारखा ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसे. कुलूपवालेही तिथेच शिरत. चोर-पोलिसांचा हा खेळ चाले तो मात्र तिसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये, आणि तेवढ्या खोलवर दोघांचं भांडण झालं की विंडोजच कोसळायचं.

आता गंमत अशी की या भांडणातला एक गडी मायक्रोसॉफ्टनेच बाहेर काढला. २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हा सेफडिस्कला लागणारा ड्रायव्हर त्यात ठेवलाच नाही, कारण त्यात सुरक्षेचं भगदाड होतं. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने व्हिस्टा ते ८.१ पर्यंतही तो बंद केला. त्यामुळे जीटीए ३ किंवा बॅटलफिल्ड १९४२ ची अस्सल, विकत घेतलेली सीडी नव्या लॅपटॉपवर चालेनाशी झाली. असा गेम कधी सीडी मागत राहतो, कधी नुसता गप्प बसतो. याला व्हर्च्युअल ड्राइव्ह जबाबदार नाही; ड्राइव्ह बदलून ते सुटणार नाही आणि तीन ड्राइव्ह एकावर एक टाकून तर नाहीच. बंद केलेला ड्रायव्हर पुन्हा चालू करायच्या युक्त्या सापडतात, पण त्या नादी लागू नये. अशा काही जुन्या गेमच्या बिनकुलपाच्या आवृत्त्या जीओजीसारख्या दुकानात विकत मिळतात. तिथे शोधणं जास्त शहाणपणाचं.

कुलूप नसलेल्या सीडीची इमेज उघडायला तर वेगळा प्रोग्रॅम लागतच नाही. विंडोज ८ पासून आयएसओ फाइलवर (इमेजचाच एक प्रकार) दोनदा क्लिक केलं की ती ड्राइव्ह म्हणून उघडते; राइट क्लिक करून इजेक्ट म्हटलं की जाते. लॅपटॉप रीस्टार्ट केला की ही सीडी आपोआप निघालेली असते, एवढं लक्षात ठेवायचं. घाबरून गेम पुन्हा टाकणारे पुष्कळ भेटतात. दुसरी नेहमीची अडचण अक्षराची. गेम टाकताना ड्राइव्ह ई होता आणि नंतर मध्ये पेनड्राइव्ह लावल्यामुळे एफ झाला, तर जुने गेम ई मध्येच सीडी शोधत बसतात. पेनड्राइव्ह काढून इमेज पुन्हा उघडली की बहुतेकदा काम होतं. दोन सीड्यांचा गेम असेल तर पहिली इजेक्ट करूनच दुसरी उघडावी.

क्वेकसारख्या काही गेमांचं संगीत मात्र सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकमध्ये असे. त्याची आयएसओ केली तर खेळ चालतो, संगीत गायब. तिथे बिन आणि क्यू अशी फायलींची जोडी करावी लागते, जी विंडोज स्वतःहून उघडत नाही. अशा वेळीच गाण्यांचे ट्रॅकही वाजवू शकणारा एखादा व्हर्च्युअल ड्राइव्ह टाकावा, तोही त्याच्या मूळ साइटवरून, आणि टाकताना पडद्यावरची प्रत्येक सूचना वाचून.

सगळ्यात मोठा धोका सीडीचा नाहीच. "फुल गेम" म्हणून फिरणाऱ्या तयार आयएसओ फायलींचा आहे. २०२२ साली क्रोमलोडर नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम अशाच क्रॅक केलेल्या गेमच्या आयएसओतून पसरला. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज सावधानतेची खूण लावतं, पण आयएसओच्या पोटातल्या फायलींपर्यंत ती पोचत नव्हती. मायक्रोसॉफ्टने हे नोव्हेंबर २०२२ मध्ये दुरुस्त केलं. अपडेट बंद ठेवलेल्या लॅपटॉपवर ते भोक अजून उघडंच आहे.

कायद्याचंही विचारून घेतलेलं बरं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला हरवण्या-मोडण्यापासून बचाव म्हणून राखीव प्रत करू देतं. उलट बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम ६३ ब लागू होतं: सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. मार्करने नाव लिहिलेल्या सीडीची इमेज करून ती कायदेशीर होत नाही, हे पुतण्याला सांगितल्यावर त्याने बराच वेळ वाद घातला. नंतर छापील सीड्या तेवढ्या वेगळ्या काढून, बाहेरचा ड्राइव्ह जोडून, एकेकीची इमेज करायला बसला.