कमी खर्चातली रीफ टाकी: आधी पाणी, मग मासे

दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच काचेच्या टाकीत साधारण सव्वाशे लिटर पाणी मावतं. वाळू आणि दगड घातले की शंभर-एक लिटर उरतं. बेताच्या पैशांत रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, करायची तर मी हेच माप सुचवेन. याहून लहान टाकी दुकानात स्वस्त वाटते, पण पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. भरलेली टाकी दीडशे किलोच्या पुढे जाते, म्हणून स्टँड लोखंडी अँगलचा, वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावा. प्लायवूडवर खारं पाणी सांडत राहिलं की ते फुगतं.

आम्ही पुण्यात, समुद्रापासून लांब, त्यामुळे मीठ विकत घेणं आलंच. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. रीफच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे समुद्राच्या प्रमाणात असतं. लिटरला साधारण 35 ग्रॅम म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलो, आणि पुढे आठवड्याला दहा लिटर पाणी बदललं तर महिन्याला दीड किलो. हा खर्च कायमचा आहे, तो आधी हिशेबात धरा. मुंबईचे नातेवाईक म्हणतात, किनाऱ्यावरून कॅन भरून आण की. त्या पाण्यात शहराचं सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही उतरते.

मीठ ज्यात कालवायचं ते पाणीही शुद्ध हवं. घरातल्या आरओवर भरवसा ठेवण्याआधी टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं) लावून बघा. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून बऱ्याच यंत्रांत थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, आणि त्यासोबत आलेल्या नायट्रेट-फॉस्फेटवर शेवाळ पोसतं. आकडा शून्याजवळ आणायला पुढे डीआय रेझिनची नळी जोडावी लागते. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरला बुडबुडा चिकटला की तो खोटं सांगतो.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. शंभर लिटरमधलं पाच लिटर उडालं की क्षारता 35 वरून 37 च्या जवळ जाते. म्हणून रोजची भर शुद्ध गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे.

टाकी भरल्यावर दुकानदार म्हणाले, "ताई, ही बाटली आज टाका, संध्याकाळी मासे सोडा." बाटलीतले जिवाणू मदत करतात, पण संध्याकाळपर्यंत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. त्यांची वस्ती दगडांवर आणि वाळूत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी मंडईतून आणलेली एक कोळंबी टाकीत सडायला ठेवली आणि टेस्ट किटने बघत राहिले. अमोनिया आधी चढला, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर येईपर्यंत घरच्यांना रिकामी टाकी दाखवणं सोपं नव्हतं. मधे सगळ्यावर तपकिरी थर आला, तो डायटमचा. तो बहुतेक वेळा आपणहून जातो, त्याला औषध घालू नका.

आता एक गोष्ट जी खरेदीला जाण्याआधी सगळ्यांना माहीत असायला हवी. रीफ बांधणारी सगळी दगडी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत, तीच ही यादी. समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही त्यात आहेत. मला एका दुकानात मागच्या खोलीतून प्रवाळाचा मेंदूसारखा गोळा आणून दाखवला गेला, वर "कोणी विचारत नाही" असंही सांगितलं गेलं. मी तो घेतला नाही, तुम्हीही घेऊ नका. तुरुंगवासाची शिक्षा आहे म्हणून तर खरंच, पण तो गोळा कुठल्या तरी जिवंत रीफवरून छिन्नीने काढलेला असतो आणि तेवढा वाढायला त्याला वर्षानुवर्षं लागलेली असतात. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी-हाजीअलीच्या खडकांवरच्या 18 प्रवाळ वसाहती हलवायलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली होती. वाळलेल्या पांढऱ्या प्रवाळफांद्याही त्याच कायद्यात येतात. त्याऐवजी सिरॅमिकचे दगड घ्या, किंवा पांढरं सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा यांचे घरी बनवा. ते पाणी बदलत कित्येक आठवडे भिजवावे लागतात, नाहीतर सिमेंटमुळे पाण्याचा पीएच चढतो.

झोअँथिड, मशरूम, लेदर कोरल ही दगडी प्रवाळांच्या गटात मोडत नाहीत, आणि कमी उजेडात तग धरणारीही हीच. तरी माल कुठला ते विचारा आणि बिल घ्या. मासे म्हणाल तर पैदास केलेल्या क्लाउनफिशची एक जोडी या टाकीला पुरे. मंडपमसारख्या केंद्रांत आपल्याकडे त्यांची पैदास होते, समुद्रातून पकडण्याची गरज नाही. ॲनिमोन त्यांना लागत नाही, आणि नव्या टाकीत तो टिकतही नाही.

मे महिना ही पुण्यातली खरी परीक्षा. पाणी 25-26 अंशांवर हवं, 30 च्या पुढे गेलं की प्रवाळं रंग टाकू लागतात. चिलरची किंमत जवळजवळ बाकीच्या सगळ्या सामानाइतकी. पाण्यावर वारा सोडणारे दोन छोटे पंखे कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरवतात. मुंबईच्या दमट हवेत मात्र एवढं उतरत नाही, तिथे चिलरचे पैसे आधीच बाजूला ठेवा. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. अशाच एका दुपारी पंखे आणि पंप दोन्ही बंद पडले आणि माझं झेनिया हे मऊ प्रवाळ वितळून गेलं. बॅटरीवरचा हवेचा पंप फार महाग नसतो, तो माशांच्याही आधी घ्या.

जुनं सामान घेतलं तर निम्मे पैसे वाचतात. टाकी, पंप, दिवे खुशाल घ्या. वाळू-दगड घेऊ नका, कारण पूर्वीच्या मालकाने आजारी माशांना तांब्याचं औषध दिलं असेल तर ते त्यात मुरलेलं असतं, आणि माशांना चालणारी ती मात्रा कोळंबी-गोगलगायींना मारते.