चाऱ्याची पुनर्वाढ, दिनमान आणि कर्जफेडीचे नियोजन

दुग्धव्यवसायासाठी कर्ज घेताना जनावरे, गोठा व यंत्रसामग्री यांचा हिशेब काटेकोरपणे मांडला जातो. हिरव्या चाऱ्याची आकारणी मात्र बहुधा वर्षभर सारखेच उत्पादन मिळेल, असे गृहीत धरून होते. हे गृहीत चेन्नई परिसरात बऱ्याच अंशी टिकते. महाराष्ट्रात टिकत नाही. त्याची कारणे कर्जदार व शाखाधिकारी या दोघांनीही समजून घेणे हितावह ठरेल.

कापणीनंतर काय घडते?

कापणीमुळे पाने जातात आणि पिकाची अन्ननिर्मिती जवळजवळ थांबते. नवे फुटवे प्रारंभी बुंध्यात व मुळांत साठविलेल्या अन्नावर वाढतात. पुरेशी पाने आल्यानंतर हा साठा पुन्हा भरू लागतो. तो भरण्यापूर्वीच वारंवार कापणी केल्यास ठोंब दुर्बल होतात. साठा किती दिवसांत भरेल, हे पाणी व खत यांच्याबरोबरच तापमान आणि दिनमान यांवर अवलंबून असते.

चेन्नई आणि राहुरी

चेन्नई सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथील सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या दिवसात जेमतेम दीड तासाचा फरक पडतो. जानेवारीतही रात्रीचे तापमान सरासरी २० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. त्यामुळे कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने २००८ मध्ये प्रसारित केलेल्या को-४ या संकरित नेपिअर गवताची पहिली कापणी ७५ ते ८० दिवसांनी व पुढील कापण्या सुमारे ४५ दिवसांच्या अंतराने घेता येतात. तेथे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात अडचण येते ती थंडीची नव्हे, तर ढगाळ हवामानाची व साचणाऱ्या पाण्याची.

अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी येथे हाच फरक सव्वादोन तासांच्या घरात जातो आणि हिवाळ्यात रात्रीचा पारा १० अंशांपर्यंत उतरतो. नेपिअर हे उष्ण प्रदेशातील गवत असल्याने १५ अंशांखाली त्याची वाढ मंदावते. याउलट लसूणघासाला थंड, कोरडी हवा मानवते. ऐन हिवाळ्यात ती उत्तम फुटते आणि कडक उन्हाळ्यात मागे पडते. ही दोन पिके परस्परांना पूरक ठरतात, ती यामुळेच.

हिशेबाचे उदाहरण

चार गाईंना दररोज १०० किलो हिरवा चारा लागतो आणि त्यासाठी नेपिअरचे ४५ वाफे करून रोज एक कापला जातो, असे मानू. हिवाळ्यात पुनर्वाढीस ६० दिवस लागल्यास एका फेरीत १५ दिवसांची, म्हणजे १,५०० किलोंची तूट येते. विकतच्या चाऱ्याचा दर किलोस ३ रुपये धरला, तर हा खर्च ४,५०० रुपये होतो. नेमका तेवढाच ताण त्या महिन्याच्या हप्त्यावर पडतो. तूट टाळण्यासाठी कोवळा चारा कापल्यास वजन कमी भरते आणि पुढील फुटवाही क्षीण होतो.

नियोजनाच्या दृष्टीने

१. वाफ्यांची संख्या हिवाळ्यातील कापणीच्या अंतरानुसार ठरवावी.
२. क्षेत्राचा काही भाग लसूणघासाखाली ठेवावा.
३. पावसाळ्यातील जादा चाऱ्याचा मूरघास करावा.
४. प्रकल्प अहवालात चाऱ्याचे उत्पादन वार्षिक सरासरीऐवजी हंगामवार दाखवावे.

चाऱ्याचे वेळापत्रक ऋतू ठरवितो, हप्त्याचे बँक. या दोहोंचा मेळ कर्ज मंजूर होण्यापूर्वीच घातल्यास परतफेड सुकर होते.